गोट घालायची तीन तोंडं

कापसाच्या तेजीच्या गोष्टी मी आता इतक्या जणांच्या तोंडून ऐकतो, की त्या वर्षांत मी दुसऱ्याच कुठल्या मुलखात राहत होतो की काय, अशी शंका येते. कुणी म्हणतं, शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. कुणी म्हणतं, नांगराला चांदीचा फाळ लावला. असेल बुवा. मी अमरावतीत होतो, पंचविशीत होतो, डोळे शाबूत होते, आणि मला चांदीचं एकही चाक दिसलं नाही. मला दिसले ते बैलांच्या गळ्यातले घुंगराचे पट्टे, कारण ते आमच्या घरात शिवले जात. आणि त्या पट्ट्यांपायी माझ्या बापाचा उजवा अंगठा जायची वेळ आली होती.

आमचा धंदा जीनगिरीचा. खोगीर, लगाम, दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, बसायच्या गाद्या आणि बैलांचा साज. तेजी आली तसा घोड्यांचा धंदा बाजूला पडला आणि बैलांचा वाढला. ज्या माणसानं जन्मभर बैलाच्या गळ्यात दोरीत ओवलेली दोन घुंगरं बांधली, तो आता लाल गोटाचा, पितळी फुलांचा पट्टा मागू लागला. आणि पट्ट्यात भरायला कापूसच पाहिजे म्हणू लागला. बा आजवर चिंध्या नाहीतर शेळीचे केस भरत आला होता. त्या वर्षी कापूस एवढा महाग, की माणसं उशा उसवून विकत होती, आणि आमचे गिऱ्हाईक तो बैलाच्या मानेखाली दाबून भरायला सांगत होते. बाला याचं फार हसू यायचं. मला राग यायचा, पण मला तेव्हा बहुतेक गोष्टींचा राग यायचा.

घुंगराचा पट्टा म्हणजे चामड्याचे दोन थर, मध्ये भरण, आणि दोन्ही कडांना लाल चामड्याची अरुंद वादी दुमडून शिवलेली. त्या दुमडलेल्या वादीला आम्ही गोट म्हणतो. बाळाच्या झबल्याच्या कडेला कापडाचा असतो तसाच, फक्त चामड्याचा. गोट शोभेसाठी असतो असं गिऱ्हाइकाला वाटतं. खरं म्हणजे गोट नसला तर पट्ट्याची करकरीत कड बैलाच्या मानेला घासते आणि आठ दिवसांत कातडं सोलून निघतं. म्हणून आमच्या घरात पट्टा कोण कापतो, कोण भरतो, याला किंमत नव्हती. गोट कोण घालतो हे विचारलं जाई. आणि गोट बा घाली.

त्याची रीत अशी. लाल वाद्या आदल्या दिवशी दगडी कुंडीत भिजत घालायच्या. सकाळपर्यंत त्या मऊ होत. मग ओली वादी कडेवर बसवायची, अंगठ्यानं दाबत दुमडायची, आरीनं भोक पाडायचं, मेणाचा दोरा ओढायचा. प्रत्येक टाक्याला दोरा अंगठ्याला गुंडाळून ओढायचा, तरच टाका घट्ट बसतो. हातावर शिवलेली ओली वादी वाळताना जागच्या जागी आवळते आणि जन्मभर सुटत नाही. कोरडी वादी हातात धरणाऱ्याला आमच्याकडे अडाणी समजत. हे मी बोलायला शिकण्याच्या आधी शिकलो असेन.

दोरा रोज एकाच जागी कापत गेला. आधी घट्टा पडला, मग घट्ट्याला चीर पडली, आणि ओल्या कामानं ती चीर कधी भरूनच आली नाही. त्या उन्हाळ्यात अंगठा वांग्यासारखा निळा पडला. मी बाला जबरदस्तीनं हकिमाकडे नेलं. हकीम मूळचे बाळापूरचे, अमरावतीत बसत, आणि गोड बोलण्याबद्दल त्यांची ख्याती नव्हती.

"तीन महिने सुई बंद, पानी बंद," ते म्हणाले. "नाई तं अंगठा जाईन. तो म्या नाई कापनार, आधीच सांगून ठेवतो. त्यासाठी कॅम्पात गोऱ्या डाक्टराकडे जा लागन."

बानं मान हलवली. घरी येऊन त्यानं मला सांगितलं, की बडनेऱ्यापलीकडच्या एका पाटलाला त्यानं पोळ्यासाठी बारा जोड्यांचे पट्टे कबूल केले आहेत. म्हणजे चोवीस पट्टे. हकिमाकडे जायच्या दोन दिवस आधी शब्द दिला होता.

"मी करतो गोट," मी म्हणालो.

बानं माझ्या हातांकडे पाहिलं. माझ्या हातचा गोट म्हणजे पावसाळ्यातली पांदण, कुठं रुंद, कुठं अरुंद, मध्येच वाकडी. मी दहा वर्षं प्रयत्न केला होता. दर वेळी दोन वीत शिवून होईपर्यंत बा बघत बसायचा, मग हात पुढे करायचा आणि म्हणायचा, "आन इकडे." मी पट्टा द्यायचो. तो उसवून स्वतः शिवायचा. त्यामुळं मी कधी शिकलो नाही, आणि शिकलो नाही म्हणून तो पट्टा काढून घ्यायचा. दुसरा कारागीर मिळत नव्हता. हातात कसब असलेला जो तो त्या वर्षी रेल्वेच्या कामावर नाहीतर कापसाच्या बाजारात गेला होता.

पट्ट्यांची घुंगरं आणायला मी अकोल्याला गेलो. तिथं रेल्वेवाल्यांच्या तंबूंच्या वस्तीजवळ एका म्हाताऱ्या शिंप्याकडे मी पहिल्यांदा शिवणयंत्र पाहिलं. काळं, लोखंडी, पायानं चालवायचं, आणि सुई एवढी जाड की दाभण वाटावी. तो मुसलमान शिंपी त्यावर कंत्राटदाराचे तंबू शिवत असे. काम पुढच्या मुक्कामाला सरकलं होतं आणि त्याच्या गुडघ्यांनी आता पुढे सरकायला नकार दिला होता. मी तास दोन तास नुसता बसून राहिलो. तंबूची चार पदरी कड त्यानं माझ्यासमोर शिवली, आणि कडेवर कापडी गोटही घातला, हात न लावता. सुईच्या पुढे एक पितळी तोंड बसवलेलं होतं. एका बाजूनं कापडाची पट्टी सपाट आत जात होती, आतल्या आत वळत दुमडून सुईसमोर येत होती, आणि त्या दुमडीच्या पोटात तंबूची कड सरकत होती. सुई तिन्ही थर एकदमच शिवून टाकत होती. तिथं अंगठ्याचं कामच नव्हतं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सरळ सांगतो. मला रडू आलं. बाजारात, परक्या माणसासमोर. शिंपी घाबरला आणि त्यानं मला पाणी दिलं.

"चाचा, चामड्यावर चालन का हे?" मी विचारलं.

"सुई तं जाईन," तो म्हणाला. त्यानं फडक्यात गुंडाळलेली आणखी दोन तोंडं काढली. "हे पाह्य भाऊ. हे मोठं, तंबूच्या कडेचं. हे मधलं, दोन्ही कडा आत मोडून देते, कच्ची कड दिसत नाई. हे ल्हान, नुसतं दुमडते. चमड्याले यातलं कोनतं लागन ते मले नको पुसू. म्या उमरभर कपडा शिवला."

पोळ्यापर्यंत ने, चाललं तर ठेव, नाही तर परत आणून दे, असं ठरलं. खामगावला कापूस टाकून रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांपैकी एकीवर ते यंत्र घालून मी अमरावतीला आणलं. वाटेत गाडीवाल्याला ते ऊस पिळायचं आहे असं सांगितलं, कारण खरं सांगितलं असतं तर त्यानं चार मुक्काम मला प्रश्न विचारून हैराण केलं असतं.

बानं यंत्राभोवती एक फेरी मारली. "लोखंडाले चामडं समजते काय?" एवढंच म्हणाला. पण मग ओसरीवर बसून त्यानं माझ्याशी हिशोबानं बोलणी केली. हातानं गोट घालायचा तर दिवसाला एक पट्टा होतो. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून पोळ्याच्या आदल्या दिवसापर्यंत बरोबर चोवीस दिवस.

"पंचमीपर्यंत तुले मुदत देल्ली," तो म्हणाला. "तवरी तुह्या यंत्रानं गोट घालून दाखव. नाई झालं तं पंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी बसतो. मंग मले कोनी आडवं यायचं नाई."

"अन् हकीम काय म्हनते ते?"

"हकिमानं पाटलाले शब्द देल्ला होता का?"

बाची ही अशी बुद्धी होती. तो अंगठा द्यायला तयार होता, शब्द परत घ्यायला नाही. मी यंत्र ओढून आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

तीन तोंडांपैकी कुठलं घ्यायचं, याचा विचार करायला मला वेळच लागला नाही. मधलं. दोन्ही कडा आत मोडणारं. आमच्या घरात कच्ची कड बाहेर दिसणं म्हणजे फाटकं धोतर नेसून लग्नाला जाणं. मी वाद्या रात्रभर भिजवल्या, मधलं तोंड चढवलं आणि ओली वादी आत सारली. ती चार बोटं गेली आणि आत गोळा होऊन बसली. ओढली तर पुढे येईना, मागेही जाईना. पाय जोरात मारला तर सुई मोडली. चिमट्यानं तो लाल लगदा उकरून काढायला अर्धा दिवस गेला. कापड चार पदर मोडलं तरी कापडच राहतं. चामडं चार पदर मोडलं की त्याची वीट होते, हे मला तेव्हा कळलं.

मग मोठं तोंड. ओली वादी त्यातून सरसर गेली. मी पाय मारत राहिलो आणि बघता बघता एका कडेला पूर्ण गोट लागला, सरळ, माझ्या हातून जन्मात झाला नव्हता एवढा सरळ. मी पट्टा घेऊन अंगणात धावलो आणि बायकोला दाखवला. ती म्हणाली, "तुमी केला?" त्या तीन शब्दांत जेवढा अविश्वास होता तेवढा मी मनावर घेतला नाही. बाला दाखवला. त्यानं बोट फिरवलं आणि पट्टा खुंटीला अडकवला. "वाळू दे," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वादी वाळली. मोठ्या तोंडानं ती कडेवर सैलच बसवली होती, फुगलेली असल्यामुळं ते कळलं नव्हतं. पाणी गेलं तशी ती आकसली, टाक्यांशी सुरकुतली आणि कडेपासून सुटून उभी राहिली. बानं गोटाच्या खाली नख घातलं. ते आरामात आत गेलं. सुईला गंज चढला होता, त्याचे काळे डाग लाल चामड्यावर टाक्याटाक्याला उमटले होते.  बा आपल्या अंगठ्याकडे पाहत होता.

राहिलं लहान तोंड. त्यात भिजून फुगलेली वादी शिरेचना. मी ती बारीक कापली, टोक तासलं, कमी भिजवली, जास्त भिजवली. जास्त भिजवण्याचं काय कारण होतं ते आज मला सांगता येणार नाही. त्या दिवसांत काही अडलं की मी वादी आणखी भिजवत होतो. आमच्या घरात चामडं ऐकत नसलं की पाणी, एवढंच औषध ठाऊक होतं. पुन्हा मधलं लावलं, पुन्हा मोठं लावलं. आखाड गेला. श्रावण लागला. मी यंत्राला, शिंप्याला, पाटलाला आणि पाटलाच्या चोवीस बैलांना शिव्या देऊन झालो. पंचमीच्या आदल्या दिवशी मी शेवटच्या वाद्या कुंडीत टाकल्या, मोठं तोंड पुन्हा चढवलं, आणि मनातून हरून बाहेर येऊन बसलो.

नागपंचमीला आमच्याकडे काही कापायचं नाही, चिरायचं नाही, टोचायचं नाही. विळी, रापी, आरी, सुई सगळं वर टांगलेलं. चुलीवर तवा चढत नाही, उकडलेलं खायचं. एरवी मला हा दिवस आवडत असे. त्या वर्षी मी दिवसभर ओसरीवर एरझारा घालत होतो, कारण हातात एकच दिवस होता आणि तोच यंत्राला हात न लावण्याचा. बा मात्र शांत होता. त्यानं दुपारी अंगठ्याची पट्टी सोडली, ऊन खाऊ दिलं, आणि पुन्हा नीट बांधली. ती बांधताना पाहिलं आणि मला उद्याचा सगळा दिवस डोळ्यांसमोर दिसला.

संध्याकाळी अंगणात गेलो तर कुंडी रिकामी, घासून पालथी घातलेली.

"कुंडी कोनं रिकामी केली?" मी ओरडलो.

"म्या," बायको म्हणाली. "सनाच्या दिवशी अंगनात चामड्याचं घान पानी ठेवता काय? वाद्या चुलीवरच्या दोरीवर टाकल्या. वाळल्या बी. अन् बुरशी नाई लागाव म्हून हात फिरवून तेल लावून देल्लं."

पावसाळ्यात वाळलेल्या चामड्याला तेल लावणं हे आमच्याकडच्या बायकांचं नेहमीचंच काम. तिनं काही वेगळं केलं नव्हतं. मी तिला वाट्टेल ते बोललो. ती म्हणाली, "यंत्राचा राग यंत्रावर काढा," आणि आत निघून गेली. आता वाद्या पुन्हा भिजायला रात्र लागणार होती आणि मी त्या भिजवल्याही नाहीत. कशासाठी भिजवायच्या?

षष्ठीच्या सकाळी उठलो तेव्हा बा ओसरीवर बसलेला होता. समोर पट्टा, शेजारी पाण्याचा तांब्या. एक वादी त्यानं आदल्या रात्रीच भिजत टाकली होती आणि अंगठ्याच्या पट्टीवरून आणखी एक फडकं गुंडाळलं होतं. माझ्याकडे न पाहता त्यानं पहिलं भोक पाडलं. मग दोरा ओढला. ओढताना त्याचा जबडा आवळला ते मी पाहिलं.

मला तिथं उभं राहवलं नाही. मी आत गेलो, दोरीवरून एक वादी ओढून घेतली आणि यंत्रापाशी बसलो. माझ्या मनात काही युक्ती आली होती असं मुळीच नाही. मला ते यंत्र मोडायचं होतं. कोरडी वादी घालतो, अडकू दे, तुटू दे, म्हणजे उद्या गाडीत घालून अकोल्याला पाठवायला मोकळा. वादी मोठ्या तोंडात घातली तर ती आत खुळखुळली आणि बाहेर पडली. वाळून ती पुष्कळ आखडली होती. रागारागानं मी मोठं तोंड काढलं, लहान चढवलं आणि वादी त्यात कोंबायला गेलो.

कोंबावी लागली नाही. तेल लावलेली ती कोरडी वादी त्या तोंडातून अशी सरकली की मी हात मागे घेतला. पलीकडून ती दुमडून बाहेर आली, दोन्ही बाजू सारख्या. मी पट्ट्याची कड दुमडीत सारली आणि पाय मारला. एक वीत. दोन वीत.  वळणावर चाक हातानं फिरवून एकेक टाका टाकला. पुन्हा पाय. कड संपली, पट्टा उलटा केला, दुसरी कड केली. यंत्र एकदाही थांबलं नाही.

बाहेर बाच्या आरीचा आवाज थांबला होता. इतके दिवस त्यानं आतून एकच ऐकलं होतं, चार वेळा टकटक, मग शांतता, मग माझ्या शिव्या. मी पट्टा घेऊन बाहेर गेलो आणि त्याच्या समोर धरला.

बानं नख घालून पाहिलं. गोटाखाली नख शिरेना. दोन्ही बाजूंनी पाहिलं. दुसरी कडही पाहिली. "वादी भिजवली नाई?"

"नाई."

"कच्ची कड दिसते."

"दिसते," मी म्हणालो.

"उद्या पाहू," तो म्हणाला. मागच्या वेळी एका रात्रीत गोट सुटला होता, हे तो विसरला नव्हता. त्याच्या हिशोबात उद्याची वाट पाहण्यात आजचा दिवस फुकट घालवणं बसत नव्हतं. त्यानं पुन्हा आरी उचलली. मी समोर बसून राहिलो. तो दिवस माझ्या आयुष्यातला फार लांब दिवस होता. दुपारपर्यंत फडकं लाल झालं. बायकोनं नवं फडकं आणलं, म्हणाली, "मामाजी, आता पुरे करा." बा म्हणाला, "कड संपू दे." दिवस मावळायच्या आत त्यानं तो पट्टा पुरा केला आणि शेजारच्या खुंटीला लावला. दोन पट्टे शेजारी, एक त्याचा, एक यंत्राचा.

सकाळी आम्ही तिघंही त्या खुंट्यांपाशी गेलो. बायकोला कुणी बोलावलं नव्हतं, पण वाद्या तिच्या होत्या. यंत्राचा गोट होता तसाच घट्ट होता. त्यात पाणीच नव्हतं, तर आकसणार काय? टाक्यांवर गंजाचा ठिपकाही नव्हता. बानं तो पट्टा घेतला आणि कच्च्या कडेला नखानं कुरतडायला सुरुवात केली. तिचा एखादा धागा सुटतो का, हे तो पाहत होता. बराच वेळ कुरतडलं. मग जरा चिडूनच, स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला, "कपड्याची कड उसवते. चामड्याची कुठं उसवते?"

त्यानं पट्टा खाली ठेवला आणि माझ्याकडे वळला.

"तुले वादी ओली करायले कोनं सांगतलं होतं?"

"तूनंच, बा. जन्मापासून."

"अन् एवढ्या दिवसांत कोरडी घालून पाह्यची अक्कल नाई आली?"

बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. तिच्या हसण्याचा आवाज आम्हाला दोघांनाही ऐकू आला. माझा जीव भांड्यात पडला होता, म्हणून बापाचा हा अन्याय मी आनंदानं गिळला. त्यानं आणखी दहा शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. त्यानं पाण्याचा तांब्या उचलला, अंगणातल्या तुळशीला ओतला आणि ओसरीवर येऊन बसला, रिकाम्या हातांनी.

आता बाकीचं सांगून टाकतो. मधलं आणि मोठं तोंड मी फडक्यात बांधून चाचाला परत पाठवलं, लहान ठेवून घेतलं, यंत्रही ठेवलं. वाद्या वाळवायचं आणि तेल लावायचं काम बायकोनं आपल्याकडे घेतलं आणि किती तेल लावायचं ते मला कधी सांगितलं नाही. चोवीस पट्टे पोळ्याच्या पाच दिवस आधी झाले. पाटलानं हातचा कुठला आणि यंत्राचा कुठला हे विचारलं नाही, कारण त्याला फरक दिसला नाही. अंगठा भरून यायला दिवाळी उलटली. नख गळून पुन्हा आलं ते वाकडं आलं, पण अंगठा राहिला. हकिमांनी तो पाहिला आणि बाचं एका शब्दानं कौतुक केलं नाही.

पण मला सुटल्यासारखं वाटलं ते अंगठा बरा झाला तेव्हा नाही. ते त्या षष्ठीच्याच आठवड्यात, चौथ्या पट्ट्याच्या वेळी.

मला यंत्राची सवय होत होती आणि सवय झाली की मी घाई करतो. वळणावर चाक हातानं फिरवायचं सोडून मी पाय मारला. कड दुमडीतून निसटली आणि चार बोटं गोट नुसत्या हवेवर शिवला गेला. बा शेजारीच बसलेला होता. त्यानं ते माझ्या आधी पाहिलं.

"वाकडं गेलं," तो म्हणाला.

मी दोरा तोडला, पट्टा काढला आणि त्याच्या पुढे धरला. विचार करून नाही. दहा वर्षं हेच करत आलो होतो. बिघडलं की बाच्या हातात द्यायचं.

बानं पट्ट्याकडे पाहिलं. त्याचा उजवा हात मांडीवरून थोडा उचलला गेला, तेही मी पाहिलं. मग तो हात त्यानं डाव्या हातात धरला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मले कायले देतं?" तो म्हणाला. "उसव. अन् पुन्हा घाल."

मी मान खाली घालून उसवायला बसलो. एकेक टाका काढत होतो आणि मला इतकं बरं वाटत होतं, की तो पट्टा सबंध उसवावा लागला असता तरी मी तक्रार केली नसती. बा सरकून जवळ आला, वळणाच्या जागेवर डाव्या हाताचं बोट ठेवलं आणि म्हणाला, "इथून सावकाश."